ताडपत्रीच्या रंगाची भिंत

हनीफभाई पेंटरना सात घरांनी आणि एका दुकानाने फसवलं. पैशात नाही. मजुरी सगळ्यांनी वेळेवर दिली, वर दिवाळीला फराळाचा डबाही दिला. फसवलं ते तोंडावर 'छान' म्हणून. हे मी पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण बाहेर उलटीच गोष्ट फिरते आहे. बाहेर असं सांगतात की सुनंदाबाई तोंडाची फटकळ, तिने एका म्हाताऱ्या कारागिराचा लोकांच्या घरात जाऊन अपमान केला आणि त्या दिवसापासून त्याने ब्रश खाली ठेवला. अपमान मी केला. ते कबूल आहे. पण मी खोटं बोलले नाही, आणि या सगळ्या प्रकरणात खोटं न बोललेली मी एकटीच आहे, याचं मला फार रागाने आश्चर्य वाटतं.

माझं पोळी-भाजी केंद्र आहे. आज नऊ बायका कामाला आहेत. घोटीजवळच्या खेड्यातून लग्न होऊन नाशकात आले तेव्हा तीन घरच्या पोळ्या धरल्या होत्या, तिथून इथवर आले. भाव केल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीही घेत नाही. मला पाहिलं की बाजारातले दोन भाजीवाले आपसात म्हणतात, "आली. आता चहा सांग, वेळ लागंल."

त्या तीन घरांपैकी एक डॉक्टरांचं होतं, कॉलेज रोडला. डॉक्टर लहान मुलांचे. त्यांच्या मिसेसना मी मॅडम म्हणायचे, अजूनही तोंडात तेच येतं. मी तिथे लागले त्याच वर्षी मॅडमनी स्वयंपाकघर नवं केलं. काळा ग्रॅनाइटचा ओटा, पांढऱ्या फरश्या, आणि कुठल्याशा मासिकात बघून ठरवलं की तीन भिंती पांढऱ्या ठेवायच्या आणि एकच भिंत भडक रंगवायची. त्या कामाला हनीफभाई आले.

उंच, काटक माणूस. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, कानावर पेन्सिल. रंगाचं काम करणारा माणूस म्हणजे लेंग्यापासून पापण्यांपर्यंत शिंतोडे, हे मी गृहीत धरलं होतं. यांच्या अंगावर एक थेंब नव्हता. नंतर कधीतरी मी विचारलं तर म्हणाले, "ज्याच्या अंगावर रंग जास्त, त्याच्या भिंतीवर कमी."

आल्यावर त्यांनी भिंती पाहिल्याच नाहीत. ओट्यापाशी बोट दाखवून विचारलं, "इथे उभं कोण राहतं?"

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे?"

"सकाळी. पोळ्या कोण लाटतं?"

"ही. सुनंदा."

"मग ताई, तुम्ही या. लाटा."

"कणीक मळलेली नाही," मी म्हटलं.

"नुसतं लाटणं फिरवा."

मी रिकाम्या पोळपाटावर लाटणं फिरवलं. मला हसू येत होतं आणि मॅडमच्या कपाळाला आठ्या पडत होत्या. ते कधी माझ्या मागे, कधी बाजूला उभे राहत होते. "आता तव्याकडे बघा. आता पोळी डब्यात टाका. वीस झाल्या. अजून वीस आहेत. आता थकलात. कुठे बघता?"

मी विचार न करता डावीकडे पाहिलं. खिडकी आणि फ्रिजच्या मधली अरुंद भिंत. तिथे काहीच नव्हतं. हनीफभाईंनी कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या डोळ्यांच्या उंचीला तिथे एक बारीक रेघ मारली.

"ही भिंत," ते म्हणाले.

"अहो, ती डायनिंग टेबलवरून दिसतसुद्धा नाही!" मॅडम म्हणाल्या.

"पाहुण्याला दाखवायचा रंग हॉलमध्ये लावा मॅडम. किचनचा रंग, जी उभी राहते तिचा."

मला त्या घरात लागून पंधरा दिवस झाले होते. तिथे माझ्यासाठी वेगळा कप होता. आणि हा माणूस सांगत होता की त्या घरातली सगळ्यात महागाची भिंत माझी. मॅडम फणफणल्या, पण डॉक्टर पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "करू दे गं त्याला." मग झालं.

रंग ठरला मोरपंखी. कार्ड नाही, मशीन नाही. पांढऱ्या रंगाची बादली आणि शाईसारख्या घट्ट रंगाच्या नळ्या. एका नळीतून करंगळीएवढं, दुसरीतून थेंब, मग काठीने ढवळत बसायचं. डब्याच्या झाकणावर एक फराटा ओढून तो वाळेपर्यंत थांबायचं, कारण ओला रंग खोटं बोलतो असं त्यांचं म्हणणं. कुणी शेड कार्ड पुढे केलं तर हाताने बाजूला सारायचे. "कार्ड दुकानदाराचं. पेंटरची नजर असते." त्यांचे वडील मालेगावला मागाच्या सुताला रंग द्यायचे. त्या घरात लहानाची मोठी झालेली ती नजर. एकदा पाहिलेला किंवा बनवलेला रंग ते वीस वर्षांनी तसाच पुन्हा बनवायचे, नमुना न बघता. नमुना मागणं म्हणजे त्यांच्या लेखी नापास होणं.

तो मोरपंखी मी सहा वर्षं पाहिला. हिरवा म्हणावा तर निळा, निळा म्हणावा तर हिरवा. सकाळी आठला खिडकीतून ऊन यायचं तेव्हा त्याला आतून उजेड असल्यासारखं वाटायचं. रोज चाळीस पोळ्या. विसाव्या पोळीला मान आपोआप डावीकडे वळायची आणि जरा बरं वाटायचं. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की आपलं घर होईल तेव्हा दुसरं काही नसलं तरी चालेल, ही भिंत पाहिजे. आणि हाच माणूस पाहिजे.

माझा फ्लॅट व्हायला पुढे पुष्कळ वर्षं गेली. गेल्या वर्षी पाथर्डी फाट्याकडे झाला. ताबा मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी रंगाच्या दुकानात गेले. हनीफभाईंची कामं पहिल्यापासून त्या दुकानामार्फतच चालतात. शेठ गल्ल्यावर होते. मी म्हटलं, "हनीफभाई अजून काम करतात का हो? वय झालं असेल."

शेठ म्हणाले, "वय कसलं ताई? असा हात नाशकात दुसरा नाही. डोळे झाकून काम द्या."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलेलं आहे.

हनीफभाई आले. केस पांढरे झालेले, खांदे जरा उतरलेले, पण वरचं बटण लावलेलं आणि शर्ट कोरा. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. "अरे, पोळीवाल्या ताई! आता तुमचा ओटा?"

"माझाच."

"मग लाटा."

मी लाटणं फिरवलं. थकल्यावर कुठे बघते ते दाखवलं. त्यांनी रेघ मारली, बोटाने चाचपून. मग भावावर आलो. मी माझ्या सवयीने त्यांनी सांगितलेल्यातून बरंच कापलं. ते उठले. भिंतीपाशी गेले आणि वरून दीडएक हात सोडून आडवी रेघ ओढली.

"हे काय?"

"तुमच्या पैशात रंग इथपर्यंत येतो."

"आणि वरचं?"

"वरचं तसंच राहू द्या. कुणी विचारलं तर सांगा, भाव केला होता."

आमचे हे हसता हसता बाहेर निघून गेले. मी अजून थोडं ओढलं, तर त्यांनी रेघ फक्त चार बोटं वर सरकवली. मला इतका संताप आला! शेवटी त्यांनी पहिल्यांदा सांगितलेल्या आकड्याला मी हो म्हटलं. माझ्या आयुष्यात हे एकदाच झालं आहे.

काम चालू असताना मी एकदा डोकावले. ते नळी नाकाशी धरून उभे होते. मला वाटलं वास घेतात. कारागिराच्या काहीतरी खुणा असतील. पहिला हात वाळेपर्यंत ते त्या घरचा चहा घेत नसत, ही सवय जुनीच होती, आणि दुसरा हात वाळेपर्यंत घरातल्या बाईला आत येऊ देत नसत. "अर्धा स्वयंपाक चाखला तर आळणीच लागतो ताई. उद्या बारा वाजता या."

दुसऱ्या दिवशी बाराला केंद्र बायकांवर सोडून मी आले. ते ब्रश धुऊन, पोतं गुंडाळून तयार होते. दार उघडलं.

कांद्याच्या ट्रॅक्टरवर घालतात ती ताडपत्री. तो निळा. मोर नाही, पंख नाही, हिरव्याचा मागमूस नाही. असा निळा की शेजारची पांढरी भिंत आजारी दिसत होती. ओला रंग खोटं बोलतो म्हणून मी बोट लावून पाहिलं, तर वाळलेला होता.

हनीफभाई म्हणाले, "बोला."

"हनीफभाई, हा कोणता रंग?"

"तुमचाच. मोरपंखी."

"असा मोर कुठे पाहिलात तुम्ही?"

"क्या बात करते ताई! मॅडमच्या घरी होता तोच."

"तो हा नाही."

"तोच आहे."

मी आमच्या ह्यांना हाक मारली. ते आले, भिंतीकडे पाहिलं, हनीफभाईंकडे पाहिलं, आणि म्हणाले, "छान आहे की." आणि जेवायला बसले. मला तेव्हा वाटलं, यांना रंगातलं काही कळत नाही. आता वाटतं की यांना सगळं कळलं होतं, फक्त जेवायचं होतं.

"बघा," हनीफभाई म्हणाले.

"ह्यांना काय विचारता? ह्यांना मी पडवळ दुधी म्हणून वाढलं तरी छान म्हणतात. तुम्ही मला सांगा, ही भिंत आहे का टेंपो झाकलाय?"

"ताई, तीस वर्षं हा रंग बनवतोय मी. डोळे मिटून बनवीन."

"मिटूनच बनवलाय!"

त्यांचा चेहरा पडला. मग ताठ झाला. म्हणाले, "चला मॅडमच्या घरी. शेजारी शेजारी ठेवून बघू. माझं चुकलं असेल तर मजुरी परत."

मी कशाला मागे राहते? रिक्षा केली. त्यांनी रंगाच्या डब्याचं झाकण मांडीवर घेतलं होतं, त्यावर निळा फराटा वाळलेला. वाटेतल्या सिग्नलला आम्ही दोघं दोन दिशांना बघत बसलो होतो, भांडलेल्या नवरा-बायकोसारखे.

मॅडमनी दार उघडलं. दोघांना एकत्र बघून त्या गांगरल्या. मी म्हटलं, "मॅडम, दोन मिनिटं किचन बघायचंय. तुमची ती भिंत."

"आत्ता? अगं, आत नुसता पसारा आहे. बसा ना. हनीफभाई, पाणी घ्या. कसे आहात? तुमचा रंग अजून तस्सा आहे हो. येणारे-जाणारे छान म्हणतात."

हनीफभाईंनी माझ्याकडे विजयाने पाहिलं.

मी त्या घरात सहा वर्षं पोळ्या केल्यात. त्या घरात मला वाट विचारावी लागत नाही. मी सरळ आत गेले. भिंत सायीच्या रंगाची होती. खिडकीपासून फ्रिजपर्यंत, स्वच्छ, फिकट, हल्ली सगळीकडे मारतात तो रंग.

मॅडम माझ्या मागोमाग आल्या आणि माझा दंड धरून हळू आवाजात म्हणाल्या, "ओरडू नकोस गं. दोन वर्षांपूर्वी जुना रंग उडाला म्हणून यांनाच परत मारायला बोलावलं होतं. तर असा निळाभडक मारून ठेवला. डोळ्यांना सहन होईना. आता त्यांना काय सांगायचं? बिचारे. एवढी वर्षं आपल्याकडे येतात. शेठना सांगितलं, त्यांनी गुपचूप दुसरा माणूस पाठवला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहितीये. शेठ म्हणाले, सहा-सात घरी तसंच झालंय. मन कशाला दुखवायचं?"

मला त्या क्षणी नाकाशी धरलेली नळी आठवली. वास नव्हते घेत. वाचत होते. मी पाहिलं तर हनीफभाई दारात उभे होते. त्यांची नजर त्या भिंतीवर होती.

"मॅडम," ते म्हणाले, "इथे माझा रंग होता."

आणि मॅडम काय बोलल्या असतील? म्हणाल्या, "हो ना, पण डॉक्टरांना भडक रंगाचा त्रास होतो अलीकडे. नाहीतर तुमचं काम छानच होतं."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी बोलले, आणि मोठ्याने बोलले. "खोटं आहे हनीफभाई! डॉक्टरांना काही झालेलं नाही. तुमच्या डोळ्यांना झालंय. दोन वर्षं झाली तुम्हाला रंग दिसत नाही. तुम्ही मारता, तुमच्या पाठीमागे दुसरा येऊन पुसतो. यांना माहीत आहे, शेठना माहीत आहे, सगळ्या नाशकाला माहीत आहे. माहीत नाही ते फक्त तुम्हाला आणि मला!"

मॅडम म्हणाल्या, "सुनंदा!" ज्या आवाजात पूर्वी पोळी करपली की म्हणायच्या त्या आवाजात.

हनीफभाईंनी हातातलं झाकण उलटं केलं. फराटा खाली, पत्रा वर. चपला घातल्या. "खुदा हाफिज मॅडम," म्हणाले आणि जिना उतरून गेले. मी खाली धावेपर्यंत ते रिक्षात बसले होते.

हे सांगताना मी स्वतःला सोडत नाही. मी ओरडले ते त्यांच्या डोळ्यांच्या काळजीने नाही. माझी भिंत नासली म्हणून ओरडले. पण निदान त्यातून खरी गोष्ट बाहेर पडली. ज्या घरात भिंतीवर डॉक्टरकीची सर्टिफिकेटं लावलेली आहेत, त्या घरात दोन वर्षांत एकाच्याही तोंडून निघालं नाही की हनीफभाई, जरा डोळे दाखवून या. डॉक्टर लहान मुलांचे असले म्हणून काय झालं? मोतीबिंदू ही गोष्ट आमच्या गावच्या पोस्टमनलाही कळते.

तिथून मी तडक दुकानात गेले. शेठ गिऱ्हाइकाला कार्ड दाखवत होते. मी म्हटलं, "शेठ, मला डोळे झाकून काम द्यायला सांगितलंत. कुणाचे डोळे म्हणत होतात?"

गिऱ्हाईक उठून गेलं. शेठ म्हणाले, "ताई, शांत व्हा. पाणी घ्या."

"आज सगळे मला पाणीच पाजतायत. किती घरांत परत रंग मारून दिलात तुम्ही?"

"सात असतील. अहो, तीस वर्षांचा संबंध आहे. म्हाताऱ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं की तुझा हात गेला?"

"हात नाही गेला. डोळा गेलाय. डोळा परत येतो. आणि प्रत्येक घरात रंग दोनदा गेला, तो कुठल्या दुकानातून गेला?"

शेठ म्हणाले, "तुम्ही प्रत्येक गोष्टीत भाव बघता ताई. आम्ही माणूस बघतो."

माणूस बघतो! दोन वर्षं त्या माणसाला नजर नसताना शिडीवर चढवलं, आणि वर मला ऐकवतात.

माझ्या घरीही दुसरा पेंटर पाठवायला शेठ तयार होते, त्यांच्या खर्चाने. फुकट मिळत असलेली वस्तू मी नाकारली, हेही पहिल्यांदाच झालं. मी सांगितलं की भिंत अशीच राहील. ज्याने मारली तो येऊन बघेल, मग ठरेल. आमचे हे म्हणाले, "अगं, तो कशाला येतोय आता?" केंद्रातल्या बायका म्हणाल्या, "ताई, एवढं बोलायला नको होतं तुम्ही." मॅडमनी ओळखीच्या चार घरी सांगितलं असावं, कारण डब्यांची दोन गिऱ्हाइकंही बोलता बोलता म्हणाली की म्हातारी माणसं हळवी असतात. मी हनीफभाईंना फोन करत होते. ते उचलत नव्हते. एकदा त्यांच्या बायकोने उचलला आणि सांगितलं, "वो काम पे नहीं जाते अभी. कुणाशी बोलत पण नाहीत." आणि ठेवला.

रोज ती ताडपत्री बघत मी घरचा स्वयंपाक करत होते. थकल्यावर नजर तिथेच जाते, कारण जागा त्यांनी बरोबर शोधली होती. ती चुकली असती तर बरं झालं असतं.

साधारण तीन महिन्यांनी एका दुपारी बेल वाजली. हनीफभाई. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पिशवी. मी म्हटलं, "या. चहा ठेवते."

"आधी भिंत."

ते किचनमध्ये गेले. चष्मा काढून खिशात ठेवला. उजवा डोळा लाल दिसत होता. म्हणाले, "एक झाला. मोतीबिंदूच होता, त्यातून निळा फिका दिसतो म्हणे. मालेगावच्या मुलीने नेऊन ऑपरेशन केलं. दुसरा पुढच्या महिन्यात." मग डाव्या डोळ्यावर तळवा ठेवून भिंतीकडे पाहिलं. मग उजव्यावर ठेवून पाहिलं. पुन्हा डावा झाकला.

"या डोळ्याने तुम्ही बरोबर," ते म्हणाले. तळवा बदलला. "या डोळ्याने मी."

असं त्यांनी चार-पाच वेळा केलं.  कधी नव्हे ते मला भांडण जिंकल्याचा आनंद होत नव्हता.

"बाकीच्या घरी जाऊन आलो," ते म्हणाले. "सहा ठिकाणी आत घेतलं. सगळीकडे तोच सायीचा रंग. एका बाईने सांगितलं ओल आली होती. एकीने सांगितलं सुनेला आवडला नाही. मी नुसतं बघून येत होतो. माझी चुकलेली म्हणून ही एकच भिंत राहिली."

"ती ठेवली मी," मी म्हटलं. "तुम्ही येऊन बघेपर्यंत. आता सोमवारी या. सामान मी आणून ठेवते. आणि भाव करणार नाही."

ते हसले. "नाही ताई. आता नाही."

"का? डोळा तर आला."

"डोळा आला. पण काम झाल्यावर घरातली बाई म्हणणार, छान झालं हनीफभाई. मग मी काय करू?" त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "दोन वर्षं सात घरांत मला चहा पाजून छान म्हणाले. त्याच तोंडांनी, त्याच आवाजात. मग त्याच्या आधीच्या तीस वर्षांतलं छान कसलं होतं? मी घरी बसून एकेक किचन आठवतो. कोणतं खरं होतं, कोणतं नाही. कुणाला विचारू?"

मी म्हटलं, "मॅडमकडचा मोरपंखी खरा होता. मी सहा वर्षं बघितलाय. माझ्यावर विश्वास ठेवा, मी कुणाला उगाच बरं म्हणत नाही."

"तुम्ही भांडलात ना ताई. आता वाईट वाटतंय तुम्हाला. म्हणून म्हणता."

मला ओरडावंसं वाटलं. जन्मात एकदा कुणाचं मनापासून कौतुक केलं, आणि तेही त्या लोकांनी खोटं करून ठेवलं.

चहा त्यांनी घेतला नाही. लिफ्टने गेले. मी खिडकीतून पाहत होते. खाली कंपाउंडवर गोकर्णीचा वेल आहे, तिथे ते थांबले. चष्मा वर केला, एक डोळा झाकून निळ्या फुलांकडे पाहिलं, मग दुसरा झाकून. वॉचमन काहीतरी विचारत होता, त्याच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मग चष्मा खाली घेऊन फाटकाबाहेर गेले. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही नीट झालं, असं कळलं. आता ते मुलीकडे मालेगावलाच असतात. ब्रश इथल्याच एकाला देऊन टाकले.

भिंत अजून तशीच आहे. मला ती आवडत नाही, रोज डोळ्यांना टोचते, आणि मी ती कुणालाही रंगवू देणार नाही, जोपर्यंत मला उत्तर मिळत नाही.

मॅडम, तुम्ही उत्तर द्या. शेठ, तुम्हीही. आणि ओल आली होती म्हणणाऱ्या, सून नाक मुरडते म्हणणाऱ्या तुम्ही सगळ्याजणी. मन दुखवायचं नव्हतं ना तुम्हाला? मग त्या मनाचं काय झालं ते मालेगावला जाऊन बघून या. बस सुटते, दिवसभर सुटते. त्यांच्यासमोर बसा आणि एकेक किचन काढून सांगा, कोणत्या वर्षीचं छान खरं होतं आणि कोणत्या वर्षीचं नाही. मी सांगून पाहिलं. माझं ते ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. तुमचं ते आजवर ऐकतच आले.